आप्पांची आडवी ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका फक्त.

आप्पा म्हणजे माझे सासरे. मूळचे साताऱ्याकडचे, उभी हयात वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहिल्या. सही करायला शिकले ते चाळिशीत, म्हणून सहीचं भारी कौतुक. आधारची झेरॉक्स कुठेही द्यायची असली की आधी सही, मग तारीख, आणि मग कागदावर आडवी ओळ — 'फक्त गॅसच्या कामासाठी'. बेलापूरच्या कुणा क्लार्कनं शिकवलं होतं म्हणे. म्हणजे तो कागद दुसरीकडे चालत नाही. एकेक अक्षर कोरत बसायचे. मला हसू यायचं, वैतागही यायचा — आणि खरं सांगू, फार गोडही दिसायचे.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडून एकदम दहा झेरॉक्सवर सह्या करून घेतल्या. घरात असलेल्या बऱ्या, कधीही लागतात. ते ओळ लिहायला लागले, तर मी पेनच काढून घेतलं. कशाला लागतील हे आत्ता कुठे ठाऊक आहे, आप्पा? घाई होती मला. कसली — ते आता आठवतही नाही.

त्यातल्या सात-आठ उरल्या. दिवाळीच्या साफसफाईत मीच त्या रद्दीत घातल्या. फाडल्याही नाहीत.

पुढे पोलिसांचा फोन आला. आप्पांच्या नावावर सिमकार्ड घेऊन कुणीतरी लोकांना फसवत होतं. पोलीस चौकीत साहेबांनी सिमच्या अर्जाला लावलेली झेरॉक्स दाखवली. आप्पांची सही होती — आणि ओळ नव्हती. मला तिथेच कळलं. आप्पांनी स्वतःच्या हातानं दिलेला एकही कागद त्या ओळीशिवाय गेला नव्हता. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आणि मी काय बोलले? "वय झालंय साहेब, कुणालाही देतात कागद."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलतील. पण ते मान खाली घालून म्हणाले, "आसंल साहेब. दिला आसंल म्या. ध्यानात ऱ्हात न्हाई आता."

त्यांना काही त्रास झाला नाही, सिम बंद झालं. पण आप्पांचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास त्या दिवशी उडाला. घरी नवरा चिडून बोलला, तेही त्यांनी निमूट ऐकून घेतलं. फोन, कार्ड, पासबुक — सगळं माझ्या कपाटात आणून ठेवलं. ते काही विसरले नव्हते हो. मी म्हणाले, म्हणून त्यांनी मानलं. माझा इतका जीव आहे त्यांच्यावर, आणि मीच हे केलं.

परवा हयातीच्या दाखल्यासाठी झेरॉक्स लागली. आप्पांनी सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी तारीख घातली, आडवी ओळ लिहिली. ते वाकून बघत होते. मग शेजारच्या काकूंना कौतुकानं म्हणाले, "बगा, किती जपून लिवती. हिच्या हातात कागुद हाय, म्हनून मी बिनघोर हाय."

मी पेनाला टोपण लावलं.