फॉर्मवरचं नाव
कपाट आवरताना गळ्यात अडकवायचं ते प्लास्टिकचं पाकीट सापडलं, अजून तोच उग्र वास, आणि बेंगळुरूच्या विमानतळावरची दुपार आठवली. मी नऊ वर्षांची, पुण्याहून विमानाने एकटीच आत्याकडे आले होते. पाकिटात तिकीट आणि फॉर्म. फॉर्मवर ज्याचं नाव असेल त्याच्याच ताब्यात मूल द्यायचं, असा नियम. बाबांनी रीतीप्रमाणे आत्याचं सासरचं नाव लिहिलेलं, लग्नात तांदळाच्या ताटात लिहून ठेवलेलं. आत्याच्या ओळखपत्रावर मात्र माहेरचंच नाव होतं. तिने ते कधी बदललंच नव्हतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "दोन्ही नावं माझीच आहेत एवढं लिहून द्या आणि न्या हिला." आत्याचे यजमान पुटपुटले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट कर की, पोर उपाशी आहे." "त्या नावाची बाई मी नाही," आत्या म्हणाली. "माझ्या भावाला फोन लावा आणि फॉर्म दुरुस्त करा." दीड तास गेला. कठड्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती; मला भूक लागली होती, रडू येत होतं, पण ती जागची हलली नाही. शेवटी त्या मुलीने ते नाव खोडलं आणि आत्याचं नाव लिहिलं. मागच्या महिन्यात माझ्या सासरी तांदळाचं ताट पुढे आलं, नवऱ्याने नाव लिहायला अंगठी काढली. मी ताट उचलून थेट स्वयंपाकघरात नेलं आणि म्हटलं, याचा भात लावा.