सुनेचा सावन
लखनौच्या निशातगंज बाजारात अंदरसे, म्हणजे इथले अनारसे, तळल्याचा गोड वास आला, की मला ती पोपटी उजेडाची सकाळ आठवते बघा. पुण्यातल्या कुणीतरी मराठी कॅलेंडरचं ॲप करून त्याचा कोड सगळ्यांना खुला ठेवला होता. मी कोड लिहायला व्हिडिओ बघत शिकलेली. त्याची आमच्या घरापुरती वेगळी प्रत केली आणि इथल्याच असलेल्या सुनेसाठी इथले महिने घातले, कारण लखनौत श्रावण, म्हणजे सावन, आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. मूळ कोड सुधारला, की ती सुधारणा आपल्या प्रतीत ओढून घ्यायची. त्या दिवशी एकच ओळ, श्रावण कधी लागतो ती, दोन्हीकडे बदललेली निघाली. कुठली ठेवू, असं कॉम्प्युटरनं विचारलं, आणि मी आपली कडुनिंबाची सळसळ ऐकत मूळची, पुण्याची ठेवून बसले. लग्नानंतरचा सुनेचा सावनातला पहिला सोमवार. न्हाऊन, हिरव्या बांगड्या किणकिणवत आली, फोन बघितला नि चेहराच उतरला. "मम्मीजी, मेरा सावन कहाँ गया?" "अगं, पुण्याला गेला!" म्हटलं. हसली, पण डोळे भरलेले. मग आमची जुनी ओळ शोधून परत आणली नि दोन्ही एकाखाली एक ठेवल्या. "अच्छा, अब दो-दो सावन?" "हो गं, एक माहेरचा, एक सासरचा." आता सुधारणा तीच ओढून घेते, त्या दोन ओळींना मात्र हात लावत नाही. आमच्याकडे श्रावण दीड महिना असतो.