चौसष्ट सालचं नाणं

जपानी भाऊंच्या घरी चहा मिळायचा, चिवडा मिळायचा, पण नाण्याला हात लावायला मात्र कुणालाही मिळायचा नाही. ते स्वतःसुद्धा नाणं दोन बोटांनी कडेला धरायचे, तेही खाली मऊ फडकं अंथरून. एकदा माझ्या नवऱ्याने पाच येनचं भोकाचं नाणं चटकन उचललं, तेव्हा भाऊंचा चेहरा कुणीतरी त्यांच्या डोळ्यात बोट घातल्यासारखा झाला. "साहेब, हात नोका लावू जी. घामाचा डाग आज नाही दिसत, दहा वर्षांनी दिसते," ते म्हणाले. नवरा घरी येईपर्यंत विजारीला हात पुसत होता.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो होतो आणि दुर्गापुऱ्यात स्टेशनाजवळ राहत होतो. समोरच्या घरात भाऊ आणि त्यांची बायको सुमनताई. भाऊ मूळचे अकोल्याकडचे, रेल्वेत तिकीट तपासनीस. आग्र्याहून येणाऱ्या गाडीत एका जपानी म्हाताऱ्याने त्यांना दहा येनचं नाणं भेट दिलं होतं. तांब्याच्या रंगाचं, आणि त्यावर एक जुनं बुद्धमंदिर कोरलेलं. "बुद्धाचं घर खिशात घेऊन फिरतात बाप्पा हे लोक," असं म्हणत भाऊंनी ते घरी आणलं आणि तिथून त्यांना वेडच लागलं. गल्ली त्यांना 'जापानी बाबूजी' म्हणू लागली.

सुट्टीच्या दिवशी ते जोहरी बाजारात जायचे. परदेशी नोटा बदलून मिळतात, चिल्लर कुणी घेत नाही. त्यामुळे प्रवाशांनी दिलेली नाणी तिथल्या जवाहिऱ्यांकडे वाडग्यात पडून असायची. भाऊ त्या वाडग्यापुढे मांडी घालून बसत. "ले जाओ बाबूजी, इनसे तो चाय भी नहीं आती," दुकानदार म्हणायचा. भाऊंना जपानी येत नव्हतं, पण दहाच्या नाण्यावर साल जपानी लिपीतल्याच अंकांत असतं, तेवढं त्यांनी शिकून घेतलं होतं. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा, हे त्यांनी मलाही शिकवलं. फार जुन्या दहाच्या कडेला खाचा असतात, त्या ते न बघता नखाने ओळखायचे.

घरी आलं की प्रत्येक नाण्याला कागदी पाकीट आणि पाकिटात चिठ्ठी. साल, धातू, अवस्था, किंमत. अवस्था लिहिताना भाऊ निर्दयी व्हायचे. भिंगातून केसाएवढा ओरखडा दिसला तरी दर्जा खाली. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तुमचंच तर नाणं, लिहा की थोडं चांगलं." तर म्हणाले, "वहिनी, चिठ्ठी नाण्याची असते, माझी नाही."

सुमनताईंना या सगळ्याचं हसू यायचं. भाऊ वाटीतल्या पाण्यावर एक येनचं नाणं अलगद तरंगत ठेवायचे, इतकं ते हलकं. सगळे वाकून बघत असताना ताई त्याला बोट लावून बुडवायच्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने भाकरी थापायला बसायच्या. पण एक नाणं त्यांचं होतं. तेही दहा येनचंच, पण काळपट तपकिरी. ते त्यांच्या डाव्या मुठीत असायचं आणि अंगठा त्यावर फिरत असायचा, गप्पा मारताना, टीव्ही बघताना. भाऊ त्यांना कधीच अडवत नसत. मला ते विचित्र वाटायचं.

एके दिवशी ताई बाजारात गेलेल्या असताना भाऊंनीच सांगितलं. जपानात वर्षं राजाच्या कारकिर्दीने मोजतात. एका राजाचं चौसष्टावं साल एकोणनव्वदच्या जानेवारीत सुरू झालं आणि सात दिवसांत राजा वारला, साल तिथेच संपलं. तरी त्या सालाचे ठसे तयार होते, म्हणून नाणी निघाली. त्याच आठवड्यात अकोल्याला भाऊंना मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. नाव ठेवायचं होतं, ते राहिलं. फोटो नाही, कागद नाही. "सात दिवसाचं साल, पण त्याचा ठसा उठला वहिनी. आमच्या पोरीचा कुठंच नाही," भाऊ म्हणाले. ते नाणं त्यांनी दोन वर्षं वाडग्यावाडग्यांतून शोधलं होतं. सापडलं तेव्हा संग्रहात न ठेवता ताईंच्या हातावर ठेवलं. बाजारात त्याला तशी काही किंमत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

पुढे ताई आजारी पडल्या. इस्पितळात शेवटचे दोन दिवस मी त्यांची डावी मूठ हातात धरून बसले होते. नाणं आतच होतं. त्या गेल्यावर भाऊंनी मूठ उघडली आणि नाणं घरी आणून त्यांच्या तसबिरीपुढे ठेवलं. त्यानंतर त्या घरात गेलं की मला ताई आहेत असंच वाटायचं. भाऊ दोन कप चहा करायचे आणि दुसरा कप कुणी प्यायला नाही तरी गार झाल्यावरच उचलायचे.

त्या दिवाळीत माझ्या हातून ते घडलं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला नाणी चिंच-मीठ लावून लख्ख करायची पद्धत. सासूबाईंची शिस्त, काळं नाणं पाटावर ठेवायचं नाही. भाऊंच्या घरी लक्ष्मीपूजन नसे, पण ते ड्यूटीवर असताना घर आवरून द्यायचं मी कबूल केलं होतं. भिजवलेली चिंच वाटीत उरली होती. ताईंच्या तसबिरीपुढे ते काळवंडलेलं नाणं बघून मलाच कसंतरी झालं. संग्रहातल्या नाण्याला मी जन्मात हात लावला नसता. हे तर ताईंचं, घरातलं. मी ते चांगलं चोळचोळून घासलं. गुलाबी तांबं झळझळायला लागलं, तेव्हा केवढं समाधान वाटलं मला!

भाऊ आले. नाणं त्यांनी उचललं, कडेला धरून खिडकीपाशी नेलं. उजेडात दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग म्हणाले, "चांगलं चमकते जी," आणि चहा टाकायला आत गेले. त्या दिवशी त्यांनी एकच कप केला, मला. तेव्हा मला कळलं. तो काळा रंग मळ नव्हता. ताईंच्या अंगठ्याने सहा वर्षांत चढवलेला होता तो, आणि मी तो मोरीत ओतून आले होते. मी रडायला लागले. भाऊ म्हणाले, "वहिनी, चहा घ्या." त्यापलीकडे त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

वर्षभराने ते निवृत्त होऊन अकोल्याला निघाले. आम्ही पोचवायला स्टेशनवर गेलो होतो. गाडी हलायच्या आधी खिडकीतून त्यांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं. "मले नाण्याले हात लावाची सवय नाही. तुमी लावा. तिचा हात तुमच्या हातात होता."

पाकिटात ते नाणं होतं आणि चिठ्ठी. साल चौसष्ट. धातू कांसं. अवस्थेपुढे जुन्या शाईत लिहिलं होतं, 'सुमनच्या अंगठ्याने झिजलेलं, उत्तम.' त्याखाली नव्या शाईत, 'घासलेलं. मायेने.' ती निर्दयी चिठ्ठी खोटं लिहिणारी नव्हती, तिने माझी चूक लपवली नाही. 'उत्तम' मात्र खोडलेलं नव्हतं. किमतीची जागा कोरी होती.

भाऊ आता नाहीत. आम्हीही जयपूर सोडून खूप वर्षं झाली. नाणं माझ्या डाव्या मुठीत असतं, आणि कधीकधी अंगठा फिरवताना वाटतं की तो माझा नाही. परवा सुनेने विचारलं, "आई, किती काळं झालंय ते, घासून देऊ का?" मी इतक्या जोरात "नको" म्हटलं, की पोरगी दचकली. मग मी तिला जवळ बसवलं आणि जिला नाव नव्हतं त्या मुलीची गोष्ट सांगितली.