पाच आडव्या फांद्या

दुपारचे तीन वाजले. साहेबांच्या आंघोळीचे पाणी तिसऱ्यांदा तापले आणि साहेबांचाच पत्ता नव्हता. पत्र्याचा टब तंबूबाहेर मांडला होता. आमचे रेंजर रावसाहेब त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते.

मी जंगल खात्यात हंगामी कारकून होतो. दौऱ्याच्या शेवटी साहेबांची सही झाली की कायम होणार होतो. साहेब हरवले तर सही कोण करणार, हे मनात आलेच. पण त्याआधी मनात वाघाची भीती आली, हेही खरे.

कॅम्प हलवणे म्हणजे काय ते सांगतो. साहेबांना पायी भटकण्याचा शौक. त्या दिवशी कुळगीच्या मुक्कामाहून सामान पहाटेच पुढे निघाले : तंबू, खुर्ची, टब, सगळे नऊ माणसांच्या डोक्यावर. साहेब चहा पिऊन मागून एकटे येणार, हातात फक्त छडी. याला ते वॉकिंग म्हणत.

मला हे मान्य नव्हते. हौसेने चालणाऱ्याने आपले ओझे आपण वाहावे, असे मी श्रमप्रतिष्ठेच्या चळवळीच्या पत्रकांत वाचले होते आणि ते आजही बरोबर आहे. म्हणून माझी वळकटी, तांब्या आणि दोन गठ्ठे पत्रके मीच पाठीवर बांधली. टब वाहणाऱ्या दोघांना वाटेत हा विचार समजावला. त्यांना तो इतका पटला की त्यांनी टब माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, तत्त्व आपल्या ओझ्याचे आहे, टब माझा नाही.

"मग आमचा तरी कुठं हाय?" एकाने विचारले.

उत्तर शोधायला मी गठ्ठा सोडून पत्रके चाळू लागलो. तेवढ्यात मी मागे पडलो आणि हमालांच्या आवाजाच्या मागाने चालू लागलो.

पुढे एका फाट्यावर ताजी हिरवी फांदी मोडून एका वाटेवर आडवी टाकलेली दिसली. पुढच्या फाट्यावर दुसरी. परवानगीवाचून हिरवी फांदी मोडणे हा आमच्या खात्यात गुन्हा. शिवाय वाट सर्वांची, ती अडवायची कोणी? अशा पाच फाट्यांवरच्या पाच फांद्या मी उचलून झाडीत फेकल्या आणि डायरीत नोंद केली.

आता रावसाहेब जानूला विचारत होते. जानू हा नंदिगड्ड्याचा कुणबी, आमचा वाटाड्या.

"फाट्यांवर खूण केली होतीस ना?"

"केली की. चुकीच्या वाटंवर फांदी आडवी टाकली. ही वाट न्हवं, येवढंच सांगती ती. शेंबडं पोर बी जाणतंय."

"किती ठिकाणी?"

"पाच," मी म्हणालो.

रावसाहेब माझ्याकडे वळले. "तुला कसे ठाऊक?"

"मीच उचलल्या. तत्त्व म्हणून."

रावसाहेब ओरडले नाहीत. ते साहेबांच्या खुर्चीत बसले. असे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

जानू धावत गेला. दिवस कलताना साहेबांना घेऊन आला. ते डोंगरापलीकडे गवळ्यांच्या गोठ्यात सापडले होते. एक बूट चिखलात गेला होता आणि अंगाला म्हशींचा वास येत होता. पाणी चौथ्यांदा तापले. टबात बसूनच त्यांनी चौकशी केली. मी सगळे खरे सांगितले आणि ओझ्याचा मुद्दाही मांडला. मुद्दा त्यांनी ऐकून घेतला. सही मात्र पुढच्या दौऱ्यावर ढकलली. आणि हुकूम दिला : उरलेल्या दौऱ्यात प्रत्येक फाट्यावर, चुकीच्या वाटेवर, कारकुनाने स्वतः आडवे उभे राहावे.

उभा राहिलो. साहेब जवळून जाताना टोपी काढत.

दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीमागे पानांची सळसळ झाली. जानू फांदी टाकत होता.

"अरे, मी आहे ना इथे?"

"व्हय अण्णा. पर फांदी कुणाशी वाद घालत बसत न्हाई."

रानात जाल तर आपले ओझे आपण वाहा, हे माझे म्हणणे कायम आहे. मी अजून हंगामीच आहे. वाटेत काही आडवे पडलेले दिसले, तर उचलण्याआधी ते कोणी ठेवले हे विचारा.