सकाळच्या चहासोबतची गोळी

कांदिवलीच्या एचआयव्ही उपचार केंद्रात मी समुपदेशक आहे, म्हणून या पेशंटचं नाव सांगणार नाही. चारकोपला वेल्डिंग करणारा मालवणी माणूस; बोलताना सारखा मिशीवरून हात फिरवायचा. दारू प्यायला की रात्रीची गोळी चुकवायचा.

"दारयेवर औषध बाधात ना?"

"गोळी चुकली तर जास्त बाधेल," मी म्हटलं आणि डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सकाळच्या चहावर आणली.

काही महिन्यांनी, काल त्याचा रिपोर्ट आला. रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरला नव्हता. तो उठून चक्क नाचला.

"मी पास झालंय गो!" बाहेर बसलेल्या बायकोला त्याने ओरडून सांगितलं.

"दारयेचो पेपर रवलो हा अजून," ती हसत म्हणाली.

दारूवरून मी त्याला कधी दटावलं नव्हतं. जाताना त्यानेच हळूच पत्ता विचारला, "मॅडम, दारू सोडवतत, ता खंय?"