युसरानं जोडलेला कम्प्युटर

युसरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती सातव्या महिन्यात. आठवा संपत आला आणि बाळाची हालचाल थांबली. दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, पण ती रडली नाही. त्याच दिवशी दुपारी युसराचे वडील हनीफ चाचा आणि तिचा नवरा कलीम त्या मुलीला कब्रस्तानात ठेवून आले. युसरा तेव्हा दवाखान्यातच होती. तिनं मुलीचं तोंड पाहिलं का, हे मी कधी विचारलं नाही.

मी महेश्वरी. धाराशिवला चाचांच्या भिंतीला लागून आमचं घर, आणि कोर्टासमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. युसरा आणि मी कॉलेजात एका बाकावर होतो. पुढं मी दुकान टाकलं, ती लग्न होऊन सोलापूरला गेली आणि तिथल्या एका क्लासमध्ये मुलांना कम्प्युटर जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवू लागली. सहा वर्षं शिकवत होती. त्यांच्या घरात दखनी बोलतात. मला ती येते, पण इथं मी आपल्या बोलीतच सांगते.

चाचा उर्दू शाळेतून रिटायर झाले. निजामाच्या काळातले जमिनीचे, जन्म-मृत्यूचे कागद सगळे उर्दूत. जिल्ह्याच्या कुठल्या कुठल्या गावांतून लोक ते कागद घेऊन त्यांच्याकडं येतात. चाचा वाचतात, मराठी करतात. पूर्वी हातानं लिहून देत, नंतर घरातल्या जुन्या कम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करत. पावसाळ्यात तो कम्प्युटर बसला तो उठलाच नाही. युसरा तेव्हा इथंच होती. पलंगावर पडल्या पडल्या तिनं मोबाइलवर एकेक पार्ट निवडला आणि मागवला. "अब्बा, तयार न्हाय घ्यायचा. म्या जोडून देते," म्हणाली होती. पार्सलं आली त्या दिवशी ती दवाखान्यात होती. तिची आई रजियाबी चाचीनं सही करून ती पलंगाखाली सरकवून ठेवली.

घरी आल्यावर युसरा वागायला अगदी नीट होती. वेळेवर गोळ्या घ्यायची. दूध आटायची गोळी, रक्ताची गोळी. वाढलेलं खायची. भेटायला बायका येत, त्यांना पाणी द्यायची. चाची म्हणायची, "पोरी, एकदा रड तरी." युसरा म्हणायची, "येत न्हाय अम्मी," आणि ते असं म्हणायची, जसं कुणी विचारावं साखर आहे का आणि आपण नाही म्हणावं.

अठराव्या दिवशी सकाळी मी डोकावले तर ती जमिनीवर बसून खोकी फोडत होती. चाची दारात उभी. "आत्ता कशाला खाली बसतीस, अंग भरू दे की." युसरानं मान वर केली नाही. तिनं मदरबोर्ड बाहेर काढला, त्यावर प्रोसेसर बसवला, रॅमच्या दोन पट्ट्या दाबून बसवल्या. मग सगळं कॅबिनेटच्या पत्र्याच्या डब्यात घालून स्क्रू पिळले. तिचे हात भराभर चालत होते. मी बघत होते, आणि मला वाटत होतं की हात इथं आहेत आणि ती दुसऱ्याच खोलीत आहे.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला. स्क्रीन काळाच.

"काय झालं?" चाचा म्हणाले.

"बघते."

दहा मिनिटांनी तिला सापडलं. प्रोसेसरला वीज देणारी एक वेगळी वायर असते, कोपऱ्यात, ती लावायची राहिली होती. "पोरं पहिल्या दिवशी हीच वायर विसरतात," ती मला म्हणाली. "म्या दरवर्षी फळ्यावर लिहिते." त्यात लाज नव्हती, हसूही नव्हतं. तिनं वायर लावली, स्क्रीनवर अक्षरं आली. चाचांनी "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं. तिनं विंडोज चढवायला घेतलं. अर्ध्यावर गेलं, आणि स्क्रीन निळा होऊन बंद पडलं.

पुन्हा चालू केलं. या वेळी जास्त पुढं गेलं, पुन्हा निळा. तिसऱ्यांदा चालूच होईना. चौथ्यांदा विंडोज कसंबसं चढलं आणि तासभर चाललं, चाचांनी आपलं नावसुद्धा टाइप करून बघितलं, आणि मग एकदम अंधार. दर वेळी निळ्या पडद्यावर वेगळाच मजकूर. एकच मजकूर असता तर शोधणं सोपं, असं ती म्हणाली.

मग तिचा तो आठवडा सुरू झाला. सकाळी नाश्ता झाला की ती जमिनीवर बसायची. जुन्या वहीत तारीख टाकायची आणि लिहायची, आज काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नियम. दोन बदलल्या आणि चाललं, तर कशानं चाललं ते कळत नाही. एक रॅम काढली, एकीवर चालवलं. मग दुसरीवर. मग खाच बदलून. माझ्या दुकानातून पेन ड्राइव्हवर मेमरी तपासायचा प्रोग्रॅम आणला. तो चार तास चालला आणि त्यानं एकही चूक दाखवली नाही. प्रोसेसर तापतो का पाहिलं. तापत नव्हता.

संध्याकाळी कलीमचा सोलापूरहून फोन यायचा. तो तिथं टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. "कशी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." मग फोन ठेवायचे. एकदा तिनं त्याला सांगितलं, "आज चाळीस मिनिटं चालला." तो म्हणाला, "हां. चांगलं आहे." तो तिकडं काय करत होता कोण जाणे. त्याला कुणी विचारायलाही जात नव्हतं.

चौथ्या दिवशी चाचांनी कॅबिनेटला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "करंट येतोय गं यात!"

युसरानं हात लावून पाहिलं. बराच वेळ ठेवला. "व्हय. झिणझिण्या येतायत."

"मग काढ की हात!"

तिनं काढला. घराला अर्थिंग नसेल, त्यामुळंच मशीन बंद पडत असेल, असं चाचांना वाटलं. त्यांनी कल्याणप्पाला बोलावलं. कल्याणप्पा आमच्या गल्लीचा जुना वायरमन. साठीच्या पुढचा, मोठ्यानं बोलणारा. महिनाभर लेकीकडं लातूरला होता, तो कालच परतला होता. आला, पिशवी ठेवली, युसराला जमिनीवर बसलेली पाहिलं आणि तोंडभर हसला.

"अगं बाई, आलीस का मोकळी होऊन! काय झालं, पोरगा का पोरगी? पेढे कुठं हायत, हनीफभाई?"

चाचीनं स्वयंपाकघरात काहीतरी जोरात ठेवलं. मी म्हणायच्या आत युसरा म्हणाली, "पोरगी झाली. गेली. कल्याणप्पा, हा सॉकेट बघा, अर्थ येतोय का."

कल्याणप्पा उभाच राहिला. मग खाली बसला. त्यानं पिशवीतून टेस्टर काढला. तो दोनदा खाली पडला. "माफ कर माय," तो म्हणाला. "मला कुणी बोललं न्हाय."

"तुमाला कसं माहीत असणार," युसरा म्हणाली. "सॉकेट बघा."

अर्थची वायर मीटरजवळ तुटलेली निघाली. त्यानं नवी ओढली, अंगणातल्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून पाणी घातलं. पैसे विचारले तर ऐकेना, पिशवी उचलून गेला. जाताना कोपऱ्यावर थांबून डोळे पुसताना मी त्याला पाहिलं. इकडं युसरा वहीत लिहीत होती: अर्थिंग केलं. करंट गेला.

करंट गेला, पण मशीन त्याच दुपारी दोनदा बंद पडलं.

पाचव्या दिवशी मी माझ्या दुकानातल्या कम्प्युटरचा पॉवर सप्लाय काढून आणला. म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी. तो खराब असला तर काहीही होऊ शकतं, असं ती म्हणाली होती. माझं टायपिंग दिवसभर बंद. तिनं तो लावला. बावीस मिनिटांनी निळा स्क्रीन. तिनं माझा पॉवर सप्लाय काढून, पुसून परत दिला.

"युसरा, राहू दे आता," मी म्हटलं. "सोलापूरला तुझ्या क्लासमध्ये ने. तिथं चार लोक बघतील."

"काय राहू दे?"

"हेच. थकलीस तू."

"महे, ह्याचं कारण असणार. कुठंतरी असणारच. म्या रोज एक वस्तू वगळते. सगळ्या वगळल्या की जी उरंल ती." मग हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणले, कारण सापडत न्हाय कधी कधी. सगळे रिपोर्ट चांगले होते."

ती रडेल असं वाटलं. तिनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि कॅबिनेट उघडलं.

सहाव्या दिवशी तिनं मदरबोर्ड कॅबिनेटच्या डब्यातून बाहेरच काढला. त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, सगळ्या वायरी उघड्यावर जोडल्या. चालू करायला बटणही नव्हतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवलं तर चालू झालं. चाची घाबरून भेटायला आलेल्या बायकांना त्या खोलीत येऊ देईना. विंडोज नव्यानं चढवलं, ते एका दमात चढलं. मशीन दुपारभर चाललं. संध्याकाळपर्यंत चाललं. चाचांनी तसंच उघड्यावर दोन पानं टाइप केली. एकदाही बंद पडलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी परत डब्यात घातलं, आणि अर्ध्या तासात निळं.

"म्हणजे डबा," युसरा म्हणाली.

"डब्यात काय असतंय बिघडायला? पत्रा आहे नुसता," चाचा म्हणाले.

तिनं पुन्हा बोर्ड काढला आणि रिकामा डबा खिडकीच्या उजेडात आडवा धरला. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली छोटे पितळी स्टड असतात. बोर्डाला जिथं भोक आहे तिथंच स्टड हवा. तिनं बोट ठेवून मोजले. एक जास्त होता. कारखान्यातूनच लावून आलेला, तिच्या बोर्डाला तिथं भोकच नव्हतं. तो खालून सोल्डरच्या ठिपक्यांना टेकत होता. कधी टेकायचा, कधी नाही. मागच्या वायरीला धक्का लागला, डबा हलला, की टेकायचा आणि शॉर्ट होऊन मशीन बंद पडायचं.

तिनं पकडीनं तो फिरवून काढला आणि तळहातावर ठेवून चाचांना दाखवला. ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा.

"एवढ्यानं?" चाचा म्हणाले.

"एवढ्यानं. म्या पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होतं."

"तुझी चूक न्हाय ती."

"ही माझीच आहे, अब्बा," ती म्हणाली. "ही माझी आहे."

मशीन जोडलं. त्या दिवशी चाललं, दुसऱ्या दिवशी चाललं. युसरानं वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली. मला वाटलं होतं, तिला काहीतरी वाटेल; आनंद नाही तरी हायसं. तिनं खोक्यांचा पुठ्ठा दुमडला, थर्माकोल पिशवीत भरला, खोली झाडली. मग पलंगावर बसली आणि भिंतीकडं बघत राहिली. पुढं करायला काही उरलं नव्हतं.

चाचांना ते दिसलं असावं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "माझ्या डोळ्याला त्रास होतोय. म्या वाचतो, तू टाइप कर." डोळ्याला त्रास नव्हता. मोतिबिंदू काढून दोनच वर्षं झाली होती. ती बसली.

तेरच्या बाजूच्या एका गावातली जन्म-मृत्यूची नोंदवही होती, निजामाच्या फसली सनाप्रमाणं तेराशे बेचाळीसची; म्हणजे नव्वद-ब्याण्णव वर्षांमागची. कुणाला पणजोबाची नोंद हवी होती आणि वकिलानं सबंध पानाचं भाषांतर मागितलं होतं. मी झेरॉक्स द्यायला गेले होते, म्हणून तिथं होते. चाचा एकेक ओळ वाचत, मराठी सांगत. अमका, वय साठ, ताप. तमकी, वय तीस, पटकी. युसराची बोटं चालत होती. मग चाचा थांबले. भिंगातून पाहिलं, आणि पान उलटायला गेले.

"एक ओळ राहिली, अब्बा," युसरा म्हणाली. उर्दू तिलाही येत होती. ती वाकून पाहत होती.

"ती नको. पणजोबाची नोंद खाली आहे."

"वकिलानं पूर्ण पान सांगितलंय. वाचा."

चाचांनी वाचलं. आवाज नेहमीसारखाच ठेवायचा प्रयत्न करत होते. "मुलगी. नाव नाही. उमर एक दिवस. कारण मालूम नाही."

युसरानं टाइप केलं. मुलगी. मग थांबली. "नाव या रकान्यात काय लिहू? मोकळं सोडू का?"

"जे लिहिलंय ते लिही. नाव नाही."

तिनं लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं. बोटं कळफलकावर तशीच ठेवून ती स्क्रीनकडं बघत राहिली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"अब्बा, कुठं ठेवलं तिला?"

पंचवीस दिवसांत हे तिनं पहिल्यांदा विचारलं. चाचांनी चष्मा काढला. "पूर्वेच्या भिंतीकडं. लिंबाचं झाड आहे एक. तिथं मुंग्या न्हायत, म्या बघून घेतलं. कलीमनं आपल्या हातानं माती सारखी केली."

"बरं," युसरा म्हणाली. मग म्हणाली, "कलीमला विचारते आज. नाव ठेवता येतं न्हवं, नंतर?"

"येतं की. ठेवता येतं."

"पुढं वाचा."

चाचांनी चष्मा लावला, पुढची ओळ वाचली, आणि तिनं ती टाइप केली.

त्या संध्याकाळी फोन बराच वेळ चालला. भिंतीपलीकडून मला शब्द कळले नाहीत. तिचा आवाज होता, मग बराच वेळ नव्हता, मग पुन्हा होता. नाव काय ठरलं ते त्या दोघांनी कुणाला सांगितलेलं नाही. चाचीलाही नाही.

चाळिसावा दिवस झाल्यावर कलीम तिला न्यायला आला. मी एसटी स्टँडवर गेले होते. ती पहिल्यापेक्षा बरी दिसत होती असं मी म्हणणार नाही. कलीमनं बॅग बाकाखाली सरकवली, तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली. बस लागायला उशीर होता, म्हणून तिघं बाकावर बसलो. कलीमला बसल्या बसल्या झोप लागली, मान तिच्या खांद्यावर पडली. तिनं त्याला उठवलं नाही. सोलापूरची गाडी लागल्याचं स्पीकरवर सांगितलं, तेव्हाही ती आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.