परातीवरचं नाव

निपाणीचं घर महिनाअखेरीला रिकामं करून द्यायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं होतं, जड जाईल ते आईला. पन्नास वर्षं ती त्या गल्लीत राहिली, तिथंच विड्या वळल्या, तिथंच आम्हा तिघांना वाढवलं. पण बेळगावला माझ्या फ्लॅटवर यायला ती मुकाट्यानं तयार झाली. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आता हट्ट कशाच्या जिवावर करायचा, एवढंच म्हणाली. झोप उडाली ती माझी, आणि तीही भांड्यांपायी.

बाकीचं सामान फारसा त्रास न देता गेलं. कपाट शेजारणीनं नेलं, कॉट एका बाळंतिणीच्या घरी गेली. राहिली ती दोन मोठी जर्मनची पातेली, दहा शेर पीठ मळेल एवढी पितळी परात, चाळीस स्टीलची ताटं, बादल्या आणि ओगराळी. आमच्या घरात माणसं पाच आणि ताटं चाळीस, कारण ती भांडी खरं म्हणजे गल्लीची. घेतली आईनं, वापरली सगळ्यांनी. आमची गल्ली बौद्धांची. लग्न असो, बुद्धजयंती असो, कुणी गेल्यावरचं जलदान असो, माणसं "आक्का, भांडी द्या" म्हणत दारात यायची. प्रत्येक भांड्याच्या काठावर आईचं नाव, आडनावासकट, ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं.

आता गल्लीला ती नको होती. पोरांनी सांगितलं, "आक्का, आता केटरर येतोय. भांडी, वाढपी, समदं त्योच आणतोय." आई "बरं" म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "मोडीत घालायची न्हाईत. जितं पंगत बसती तितं द्यायची. आन् मी बी येतो द्यायला."

भांडी कुणी घेतली नाहीत तर मी परत आणीन, मोडीत घालीन, हवं तर विहिरीत टाकीन. पण आईच्या समोर कुणी ती नको म्हणालं तर? आमचं सगळं आयुष्य घेणाऱ्यांच्या रांगेत गेलं. दुसऱ्यांचे जुने फ्रॉक, जुनी पुस्तकं, मागच्या दारानं मिळालेलं सगळं घेताना मान कशी ठेवायची, ते मला नीट येतं. देताना ती कशी ठेवायची, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

फोन सुरू केले. एका वृद्धाश्रमानं सांगितलं, भांडी पुष्कळ आहेत, सिलिंडर द्या. दुसऱ्यांनी विचारलं, वाढदिवस कुणाचा आहे, एक दिवसाचं जेवण घाला, फळ्यावर नाव लिहितो. चिकोडीकडच्या एका वसतिगृहाच्या बाईंनी भांड्यांचे फोटो मागवले आणि पुढं उत्तरच दिलं नाही. पातेली जुनी दिसली म्हणून, की काठावरचं आडनाव दिसलं म्हणून? मी ते फोटो पुन्हा मोठे करून बघितले. आडनाव वाचता येत होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, माझं मन तर त्यात पहिल्या नंबरनं पास झालेलं.

याला कारण आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना मावशीचं लग्न निघालं. भांडी भाड्यानं देणाऱ्या मंडपवाल्याकडं आमच्या गल्लीसाठी वेगळा ढीग असायचा. प्रत्येक भांड्याच्या बुडाला ऑइलपेंटचा लाल ठिपका, म्हणजे परत आल्यावर इतरांच्या भांड्यांत मिसळायला नकोत. मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं डाग पडलाय, म्हणून मी राख लावून तो घासत बसले. आई म्हणाली, "राहू दे गं, त्यो निघायचा न्हाय." पुढच्याच वर्षी तिनं पहिलं पातेलं विकत घेतलं आणि दुकानातच उभं राहून त्यावर नाव घालून घेतलं.

शेवटी वाट निघाली ती माझ्याच टेबलावरून. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. माझ्याबरोबर पंधरा वर्षं काम करणारी मैत्रीण उचगावची, शेतकऱ्याच्या घरातली. माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "अगं, मग आमच्या गावात दे की. देवळामागच्या हॉलात बायकांनी सैपाकघर केलंय. लग्नं, महाप्रसाद, समदं तितंच. मोठी पातेली न्हाईत म्हणून नुसती वरडत्यात."

मी "बघते" म्हणाले. वृद्धाश्रम परवडला, हे तर देवळामागचं सैपाकघर. माझं सासरचं आडनाव गावावरून पडलेलं, कुठंही खपणारं. त्यावरून कुणाला काही कळत नाही. आमच्या दारावर तर तेही नाही, नुसता फ्लॅटचा नंबर आहे. मैत्रिणीला माहीत असेल, नसेल. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि एकमेकींच्या डब्यांत हात घालत पंधरा वर्षं बरी गेली होती. आईचं माहेराहून आलेलं नाव कुणालाही चालेल असं, पण त्यापुढचं आडनाव वाचलं की आमच्या भागातलं शेंबडं पोरही गल्ली ओळखेल.

मग मी जे केलं ते इथं लिहायची लाज वाटते, पण ते गाळलं तर लिहिण्यात अर्थ नाही. टेम्पोनं भांडी बेळगावला आणली ती थेट बाजारात, पॉलिश करणाऱ्याकडं नेली. आई तेव्हा निपाणीतच होती.

"नाव काडायचं?" त्यानं परात उलटीसुलटी केली. "चोरीची न्हाईत न्हवं, वैनी?"

"आईची आहेत."

"मग आईचं नाव कशाला काडताय?"

"दान द्यायची आहेत. दानाला नाव कशाला?" मी म्हणाले. हे वाक्य इतकं छान जमलं की क्षणभर मलाच पटलं.

"व्हय, गुप्तदान," तो म्हणाला आणि त्यानं मशीन सुरू केलं. संध्याकाळी ताटं आरशासारखी लखलखत होती. परातीच्या काठावर जिथं नाव होतं तिथं बोटभर लांब, जरा खोलगट, गुळगुळीत पट्टा राहिला. आईला कुठं दिसतंय, असं मी मनाशी म्हणाले. तिच्या मोतीबिंदूचा आधार घेण्यापर्यंत माझी मजल गेली होती.

आई बेळगावला आली त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही उचगावला गेलो. मी वाटेत दोनदा म्हणाले, "तू गाडीतच बस, ऊन आहे." ती ऐकते कुठली. हॉलच्या पायरीशी मैत्रीण उभी होती, आत सहा-सात बायका. सैपाकघराचा कारभार बघणाऱ्या म्हातारबाईंना सगळ्या काकी म्हणत होत्या. आईला खुर्ची दिली. चहा आला. कप सगळ्यांचे सारखे आहेत का, ते मी एकेक करून बघून घेतलं. सारखे होते.

काकींनी परात उचलून उजेडात धरली. "ह्याला नाव कसं न्हाय?"

"राहू दे की," मी घाईनं म्हणाले. "गुप्तदान समजा."

"गुप्तदान पेटीत टाकत्यात, बाई. परातीला नाव पायजे. उद्या कोण उचलून नेली म्हंजे कुणाची म्हणून सांगायची? आमच्यात देणाऱ्याचं नाव घालत्यात." त्यांनी मांडणीकडं हात केला. तिथल्या प्रत्येक डब्यावर, प्रत्येक तांब्यावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

"नाव हाय की तेच्यावर," आई म्हणाली. "आणा हिकडं."

परात तिच्या मांडीवर आली. विड्या वळून वळून आईच्या बोटांना डोळे फुटलेले आहेत, हे मी कशी विसरले कोण जाणे. तिनं काठावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत पट्ट्यावर तो थांबला. मग तिनं पुन्हा, सावकाश, सगळी परात फिरवून बघितली आणि अंगठा परत तिथंच येऊन थांबला. तिनं मान वर करून माझ्या दिशेला बघितलं. माझी मान आपोआप खाली गेली.

"घासून गेलंय," आई काकींना म्हणाली. "ल्ह्या, मी सांगतो." आणि तिनं स्वतःचं नाव सांगितलं, माझ्या वडलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, निपाणी सांगितलं आणि कुणी विचारलं नसताना गल्लीचंही नाव सांगितलं.

काकी वहीत लिहीत होत्या. आडनावापाशी पेन थांबलं. त्यांनी ते झटकलं, आणि पुढं लिहिलं. शाई संपत आली होती की आणखी काही, मी आजही सांगू शकत नाही. मागं दोघी बायका हळू आवाजात काहीतरी बोलल्या, सैपाकाचंही असेल. काकी म्हणाल्या, "बाजारादिवशी नाव घालणारा येतोय, घालून घेतो." मैत्रिणीनं परात उचलून मांडणीवर ठेवली, आणि आम्ही निघालो.

परतताना गाव मागं पडल्यावर आई म्हणाली, "कुणी काडलं?"

"मी."

"का?"

"घेतली नसती तर? तुझ्यासमोर नको म्हणाले असते तर?"

"तर म्हागारी आणली असती. हात मोडलं असतं व्हय आपलं?" मग ती म्हणाली, "त्यो ठिपका निघंना म्हणून मी नाव घातलतं गं. तू नावच काडलंस."

सोमवारी लॅबमध्ये मैत्रिणीनं डबा आणला नाही. सोमवारी तिचा उपास असतो हे पंधरा वर्षं माहीत असून मंगळवारपर्यंत मला घास गेला नाही. मंगळवारी तिनं नेहमीसारखी भरली वांगी माझ्या डब्यात टाकली आणि विचारलं, "मावशींस्नी करमतंय का?"

महिन्याभरानं ती गावजेवणाचं आवतण द्यायला पहिल्यांदाच आमच्या घरी आली. आई पाणी घेऊन आली, तिच्या हातात तो आमचा जुना तांब्या होता. निपाणीहून येताना तिनं तो लुगड्यात गुंडाळून आणला होता, मला न सांगता. गळ्याखाली नाव, आडनाव, शाबूत. मैत्रिणीनं तांब्या वर धरला आणि ती ओठ न लावता, वरून पाणी प्यायली. आमच्याकडं तांब्यानं सगळेच वरून पितात. मीही पिते. तरी त्या चार घोटांत मी शंभर विचार केले.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं तांब्या फिरवला, नाव वाचलं, पुरतं वाचलं. "मावशी, आमच्या परातीवर ह्याच्यापेक्षा मोठं घातलंय."

"मोठं कशाला?" आई म्हणाली. "वाचाय आलं म्हंजे बास."

जाताना मैत्रीण दारात चपला घालत होती. सहज मागं वळून म्हणाली, "तुमचं दार हुडकाय लई येळ लागला बघ. पाटी का लावत न्हाईस?"

आई आतून ऐकत होती. मी म्हणाले, लावायची आहे. दुसऱ्या दिवशी मी पाटीवाल्याकडं गेलेही. त्यानं वही उघडली, पेन काढलं आणि विचारलं, काय लिहू. उद्या सांगते, असं सांगून मी आले. याला आता दोन महिने झाले. उचगावच्या सैपाकघरात आईचं नाव आहे आणि ती माझ्या घरात राहते; दारावर मात्र अजून नुसता नंबर आहे.